शोस्टाकोविचचे पंधरा क्वार्टेट : कोणतं ध्वनिमुद्रण निवडावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे : रशियन संगीतकार दिमित्री शोस्टाकोविचचा आठवा स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठीची रचना; ती वाजवणाऱ्या चौघांच्या चमूलाही क्वार्टेटच म्हणतात) ऐकून ओढ लागली, आता पंधराही क्रमाने ऐकायचे आहेत. बोरोदिन, फिट्झविल्यम, एमर्सन, पॅसिफिका असे पंधराच्या पंधरा वाजवणाऱ्यांचे संच भरपूर आहेत. त्यांत नेमका फरक काय, आणि एकच घ्यायचा तर कोणता?

मी व्हायोला, म्हणजे व्हायोलिनपेक्षा जरा मोठं आणि खालच्या सुरांचं वाद्य, वाजवतो. यातले काही क्वार्टेट सहकाऱ्यांबरोबर बसवले आहेत, त्यामुळे माझा कान आधी मधल्या दोन वाद्यांकडे जातो, हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं. माझं उत्तर असं : पहिले तेरा बोरोदिन क्वार्टेटच्या जुन्या संचातून ऐका, म्हणजे रोस्तिस्लाव दुबिन्स्की पहिला व्हायोलिन वाजवत होते तेव्हाच्या. चौदावा आणि पंधरावा फिट्झविल्यम क्वार्टेटचा घ्या. तो जुना बोरोदिन संच अपुरा आहे म्हणून पुष्कळजण बाजूला ठेवतात. अपुरा असण्याचं कारण साधं आहे. तो ध्वनिमुद्रित झाला तेव्हा शेवटचे दोन क्वार्टेट लिहून झालेलेच नव्हते.

आता कारणं. त्यासाठी हे संगीत कोणासाठी लिहिलं गेलं तिथून सुरुवात करावी लागते.

पहिला क्वार्टेट 1938 चा. तो लेनिनग्राडमध्ये ग्लाझुनोव क्वार्टेटने प्रथम वाजवला. दुसऱ्यापासून चौदाव्यापर्यंतचे सगळे मॉस्कोच्या बेथोवेन क्वार्टेटने पहिल्यांदा रंगमंचावर आणले. दिमित्री त्सिगानोव, वसिली शिरिन्स्की, वादिम बोरिसोव्स्की आणि सर्गेई शिरिन्स्की हे चौघे शोस्टाकोविचचे निव्वळ वादक नव्हते, आयुष्यभराचे सोबती होते. पुढे त्याने एकेकाला एकेक क्वार्टेट अर्पण केला. अकरावा 1965 मध्ये वारलेल्या वसिली शिरिन्स्कीच्या स्मृतीला, बारावा त्सिगानोवला, तेरावा बोरिसोव्स्कीला, चौदावा सर्गेईला. या अर्पणपत्रिका नुसत्या पहिल्या पानावर राहत नाहीत, त्या संगीतात उतरल्या आहेत. वसिली दुसरा व्हायोलिन वाजवायचा; म्हणून अकराव्यात एक संपूर्ण छोटा भाग असा आहे की दुसरा व्हायोलिन कोकिळेसारखे दोनच स्वर हट्टाने घोळवत राहतो आणि बाकीचे त्याच्याभोवती फिरतात. तेराव्यात व्हायोला बोलतो. चौदाव्यात चेलो.

म्हणून संच पारखताना पहिली कसोटी हीच : पहिला व्हायोलिन सोडून बाकीचे तिघे माणसं म्हणून ऐकू येतात का? पुष्कळ नामवंत चमूंमध्ये सगळं सुंदर वाजतं, पण अकराव्यातले ते दोन स्वर नुसते साथीचे वाटतात. तसं झालं की तो भाग कशासाठी लिहिला हेच हरवतं.

बेथोवेन क्वार्टेटची स्वतःची ध्वनिमुद्रणं मेलोदिया या सोव्हिएत रेकॉर्ड कंपनीने केली, आणि ती आज ऐकायला मिळतात. बरीचशी मोनो आहेत, आवाज कोरडा आहे, काही ठिकाणी सूरही घसरतात. तरीही तिसरा त्यांच्याकडून एकदा ऐकावाच. बोरिसोव्स्कीनंतर व्हायोलावर आलेल्या फ्योदोर द्रुझिनिनने एक आठवण सांगितली आहे. तिसऱ्याच्या तालमीला शोस्टाकोविच येऊन बसला. काही सुचवायचं असेल तर थांबवीन म्हणाला होता, पण शेवटपर्यंत त्याने थांबवलं नाही. वादन संपलं तेव्हा तो जागीच निश्चल बसलेला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. स्वतःच्या संगीताने तो उघडपणे हललेला आपण तेवढ्या एकाच वेळी पाहिला, असं द्रुझिनिन म्हणतो. शोस्टाकोविचची अगदी शेवटची रचना, व्हायोला सोनाटा, पुढे याच द्रुझिनिनला अर्पण झाली. रोजच्या ऐकण्यासाठी मात्र हा संच मी सुचवणार नाही. आवाजाशी झगडण्यातच नव्या श्रोत्याची शक्ती संपते.

आता बोरोदिन. हा चमू 1945 मध्ये उभा राहिला आणि 1955 मध्ये त्याला बोरोदिनचं नाव मिळालं. चेलोवर व्हॅलेंटिन बर्लिन्स्की साठ वर्षांहून अधिक काळ होता. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून सत्तरच्या सुरुवातीपर्यंत त्यांनी एक ते तेरा ध्वनिमुद्रित केले : दुबिन्स्की आणि यारोस्लाव अलेक्सांद्रोव व्हायोलिनवर, दिमित्री शेबालिन व्हायोलावर, बर्लिन्स्की चेलोवर. पुढे शँडोस कंपनीने ही ध्वनिमुद्रणं सीडीवर आणली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर दुबिन्स्कीने देश सोडला, मिखाईल कोपेलमन आला, आणि 1978 ते 1984 च्या दरम्यान मेलोदियासाठी पंधराही पुन्हा ध्वनिमुद्रित झाले. लोक ‘बोरोदिनचा संच’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा हा दुसरा असतो. रुबेन अहारोनियनच्या काळातला, डेक्काने काढलेला तिसरा संचही आहे. त्याचा आवाज सगळ्यांत स्वच्छ, पण बर्लिन्स्की त्यात नाही आणि ते जाणवतं.

पहिल्या दोन संचांमधला फरक समजून घ्यायला तिसऱ्या क्वार्टेटचा मधला भाग लावा. 1946 ची ही रचना. तिच्या पाच भागांपैकी तिसऱ्यात दोन आणि तीन मात्रांचे आवर्त आलटून पालटून येतात, आणि सुरुवातीलाच जाडजूड स्वरसमूहांचे तडाखे आहेत. दुबिन्स्की हे तडाखे गजाच्या मुठीजवळच्या भागाने, तार दाबून मारतो. तारेची खरखर ऐकू येते आणि ती तो लपवत नाही. कोपेलमनचा आवाज भरदार, गोल आणि गाता आहे; तोच तडाखा त्याच्या हातून भव्य होतो. दोन्ही खरं आहे. पण या भागाला भव्यता नको, त्याला धार हवी. पुढे चौथ्या भागातला पासाकालिया, म्हणजे तळाशी तीच सुरावट पुनःपुन्हा आणि वर बदलता विलाप, आणि शेवटी पाचव्याचं विरणं येतं. खाली धरून ठेवलेले एफ मेजरचे स्वर, वर पहिल्या व्हायोलिनचे छेडलेले शेवटचे स्वर. दुबिन्स्की ते छेडताना हळवा होत नाही. ते फक्त ठेवतो. आधी एवढी धार दाखवलेली असल्यामुळे तो संयम अंगावर येतो.

आठव्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तुम्ही तिथूनच आलात. जुलै 1960 मध्ये ड्रेस्डेनजवळच्या गोऱ्हिशमध्ये, एका चित्रपटाच्या संगीतासाठी गेलेला असताना, तीन दिवसांत त्याने हा लिहिला. छापील अर्पणपत्रिका फॅसिझम आणि युद्धाच्या बळींना आहे. पण त्याच महिन्यात मित्र इसाक ग्लिकमनला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की माझ्या मृत्यूनंतर माझ्या स्मृतीला कोणी रचना अर्पण करेल असं वाटत नाही, म्हणून मीच एक लिहिली. मुखपृष्ठावर ‘या क्वार्टेटच्या रचनाकाराच्या स्मृतीस’ असं घालता येईल. डी, ई फ्लॅट, सी, बी हे चार स्वर जर्मन पद्धतीने वाचले की त्याच्या नावाची आद्याक्षरं होतात, आणि सुरुवातीला चेलो तेच उच्चारतो. मग पहिली आणि पाचवी सिंफनी, दुसऱ्या पियानो त्रिकुटातली ज्यू धून, पहिला चेलो काँचेर्टो, ‘लेडी मॅकबेथ’ हा ऑपेरा, तुरुंगातल्या क्रांतिकारकाचं गाणं असं स्वतःचं आणि दुसऱ्यांचं बरंच काही त्यात येऊन जातं. पण त्याच पत्रात तो या रचनेला खोट्या शोकांतिकेची झाक आहे असंही म्हणतो. रडताना स्वतःकडे बघणाऱ्या माणसाचं हे बोलणं आहे. वादकांनी ते गांभीर्याने घ्यायला हवं. जो चमू पहिल्या स्वरापासून गहिवरून येतो त्याच्याकडे चौथ्या भागासाठी काही उरत नाही.

बोरोदिन मंडळी हे जाणतात. सुरुवातीचे चार स्वर ते जवळजवळ कंप न देता, म्हणजे व्हिब्राटो काढून घेऊन वाजवतात. सपाट, फिकट, जुन्या छापील अक्षरासारखे. त्यामुळे चौथ्या भागात चेलो उंच सप्तकात जाऊन ‘लेडी मॅकबेथ’मधली नायिका कातेरिनाची, प्रियकर सेर्गेईला उद्देशून असलेली ओळ गातो तेव्हा त्या स्वराला आलेला कंप सगळं सांगून जातो. बर्लिन्स्कीचा तो अर्धा मिनिट मी कोणाच्याही वादनाशी बदलणार नाही. त्यांनी 1962 मध्ये डेक्कासाठी आठवा स्वतंत्रपणेही ध्वनिमुद्रित केला होता, संगीतकार अलेक्सांद्र बोरोदिनच्या दुसऱ्या क्वार्टेटबरोबर. तो मिळाला तर तोही ऐका, त्यात ताण अधिक आहे. लय मात्र जवळपास सगळेच छापील खुणेपेक्षा संथ धरतात. पहिल्या लार्गोवर, म्हणजे अतिसंथ भागावर, मिनिटाला 63 ठोके अशी खूण आहे. त्या गतीने वाजवलं तर हा भाग चालता राहतो, थबकत नाही. या बाबतीत बोरोदिनही दोषी आहेत, आणि कोपेलमनच्या काळातले जास्त.

एमर्सन क्वार्टेटचा संच डॉइश ग्रामोफोनने 2000 मध्ये काढला. ॲस्पेनच्या महोत्सवात 1994, 1998 आणि 1999 मध्ये श्रोत्यांसमोर केलेली ही ध्वनिमुद्रणं. तंत्राच्या दृष्टीने याच्या जवळ जाणारं फार थोडं आहे. आठव्याचा दुसरा भाग, दहाव्याचा ‘फुरिओसो’, म्हणजे आवेशाचा, भाग, बाराव्याच्या दुसऱ्या भागातला गोंधळ, इथे एकही स्वर पुसट होत नाही आणि गतीही कमी होत नाही. बारावा तर मी नव्या श्रोत्याला एमर्सनचाच देतो. त्याची सुरुवात चेलो बारा वेगवेगळ्या स्वरांच्या ओळीने करतो आणि लगेच साध्या मेजरमध्ये उतरतो, आणि ही घडण त्यांच्या वादनात नकाशासारखी स्पष्ट दिसते. पण मायक्रोफोन फार जवळ आहेत, आवाज कडक आहे, आणि अगदी हळू जागाही हळू वाटत नाहीत. एका बैठकीत दोन क्वार्टेट ऐकले की कान थकतात. पंधराव्यात हे सर्वाधिक खटकतं.

पंधरावा हीच माझ्या मते शेवटची आणि सर्वांत कठीण कसोटी. 1974 ची रचना. सहा भाग, सगळे अदाजो, म्हणजे संथ, सगळे ई फ्लॅट मायनरमध्ये, मध्ये कुठे थांबायचं नाही. पस्तीस-चाळीस मिनिटांचं संगीत आणि त्यात एकही वेगवान भाग नाही. तालमी चालू असताना सर्गेई शिरिन्स्की ऑक्टोबर 1974 मध्ये वारला, म्हणून पहिलं वादन नोव्हेंबरमध्ये लेनिनग्राडच्या तानेयेव क्वार्टेटने केलं. पहिल्या भागाबद्दल शोस्टाकोविचने वादकांना सांगितलेलं प्रसिद्ध आहे : असा वाजवा की माश्या हवेतल्या हवेत मरून पडतील आणि लोक कंटाळून उठून जायला लागतील. बहुतेक चमू हे ऐकून नुसते संथ होतात. पण इथे संथपणा पुरत नाही, रितेपण लागतं. दुसरा व्हायोलिन एकटाच सुरू होतो, एकाच स्वराभोवती घुटमळतो, आणि त्या वेळी वादकाने काहीही ‘करायचं’ नसतं. शिकलेल्या हाताला हे फार जड जातं. मग दुसऱ्या भागात उलट : एकेक स्वर शून्यातून निघून किंकाळीपर्यंत वाढतो आणि एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जातो. पहिल्या भागात खरी शांतता मिळालेली नसेल तर या किंकाळ्या नुसत्या करामती वाटतात.

फिट्झविल्यम क्वार्टेट इथे सगळ्यांच्या पुढे आहे. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी 1968 मध्ये सुरू केलेला हा चमू. त्यांच्या व्हायोलावादकाने, ॲलन जॉर्जने, शोस्टाकोविचला पत्र लिहिलं, उत्तर आलं, आणि 1972 मध्ये शोस्टाकोविच स्वतः त्यांचा तेरावा ऐकायला इंग्लंडमधल्या यॉर्कला गेला. पुढे शेवटच्या क्वार्टेटची पश्चिमेतली पहिली वादनं त्याने त्यांच्या हाती सोपवली. त्यांचा संच 1975 ते 1977 मध्ये पीटरशॅमच्या एका चर्चमध्ये डेक्कासाठी झाला. रचनाकार नुकताच, ऑगस्ट 1975 मध्ये, गेलेला. त्या जागेची किंचित घुमणारी हवा या संगीताला फार मानवते, कारण स्वर थांबल्यावरचा अवकाशही ऐकू येतो. वयाने ही सगळी मंडळी तरुण होती, आणि पंधराव्याच्या पहिल्या भागात त्यांनी जे धाडस केलं ते अनुभवी लोक करत नाहीत. ते खरोखरच काही करत नाहीत. सूर सरळ, गज हलका, आवाज पातळ. तेराव्यातही ॲलन जॉर्ज अप्रतिम आहे. त्या क्वार्टेटमध्ये वादकांना गजाच्या लाकडाने वाद्याच्या पोटावर ठोकायचं असतं, मध्ये जॅझसारखी चाल येते, आणि शेवटी व्हायोला एकटा उंच चढत जातो आणि एकाच बी फ्लॅटवर थांबतो. व्हायोलिन येऊन मिळतात, आणि तो स्वर ऐकू येईनासा असल्यापासून कानठळ्या बसेपर्यंत फुगतो. मी स्वतः ती जागा वाजवली आहे. हात वाद्याच्या खांद्यावरून वर, आणि सूर केसभर हलला तरी सगळा डोलारा कोसळतो. शेबालिन तिथे पोलादासारखा आहे, ॲलन जॉर्ज माणसासारखा. तेराव्यासाठी दोन्ही ठेवा.

मग फिट्झविल्यमच पूर्ण का घेऊ नये? घ्यायला हरकत नाही. एकाच संचाचे पैसे असतील आणि दोन संच जुळवायचा खटाटोप नको असेल तर मी कोपेलमनच्या बोरोदिनऐवजी तोच सांगेन, जरी मोठमोठे जाणकार उलट सांगत आले आहेत. फक्त दुसरा, तिसरा आणि पाचवा इथे थोडे सभ्य वाजतात. पाचव्याच्या पहिल्या भागात एक क्षण येतो तेव्हा चौघेही सर्व ताकदीनिशी एकमेकांवर धडकत असतात. तिथे फिट्झविल्यम मंडळी तोल सांभाळतात आणि दुबिन्स्कीचे लोक सांभाळत नाहीत.

सुरांबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, आणि ती तानपुऱ्याच्या संगतीत वाढलेल्या मराठी कानाला लगेच पटेल. चार तंतुवाद्यांना पियानोसारखे बांधलेले सूर नसतात. गंधार किती उतरवायचा, मेजर स्वरसमूह कितपत शुद्ध लावायचा, हे चौघांनी मिळून ठरवायचं असतं. 1956 च्या सहाव्या क्वार्टेटमध्ये चारही भागांच्या शेवटी एकच समाप्ती येते. शोस्टाकोविचच्या नावाचे ते चार स्वर एकदम, एकमेकांवर रचून वाजतात आणि मग विरोध सुटून शांत मेजर स्वरसमूह लागतो. ही जागा चार वेळा येत असल्यामुळे तुलनेला फार सोयीची आहे. बोरोदिन त्यात कंप काढून टाकतात आणि शेवटचा गंधार शुद्धाच्या जवळ ठेवतात; कानाला तो चटकन ‘लागलेला’ वाटतो. एमर्सनच्या त्याच जागी कंप चालू राहतो, स्वर चकाकतो, पण लागत नाही. मांडेलरिंग क्वार्टेट या एका बाबतीत सगळ्यांच्या वर आहे. त्यांच्यातले तिघे एकमेकांची भावंडं आहेत आणि ऑडिटेने त्यांचं ध्वनिमुद्रण अतिशय स्वच्छ केलं आहे. सहावा त्यांचाच ऐका. तिसरा आणि आठवा मात्र त्यांच्याकडून मला थंड वाटले.

पॅसिफिका क्वार्टेटचा संच (सेडील, 2011 ते 2013) चार जोड-सीडींमध्ये आला, आणि प्रत्येकीबरोबर त्याच काळातल्या दुसऱ्या सोव्हिएत रचनाकाराचा एक क्वार्टेट आहे : म्यास्कोव्स्कीचा तेरावा, प्रोकोफिएवचा दुसरा, वाइनबर्गचा सहावा, श्नित्केचा तिसरा. वाइनबर्गचा समावेश विशेष मोलाचा, कारण शोस्टाकोविचने दहावा त्यालाच अर्पण केला होता. वादन आणि ध्वनी दोन्ही उत्तम, कुठेही उणीव नाही. आधुनिक ध्वनिमुद्रणच हवं असेल तर हाच घ्या. दानेल क्वार्टेटचे संच मोकळे, चंचल आणि कधी कधी विक्षिप्त आहेत. सातव्या आणि नवव्यात तो स्वभाव कामी येतो. सुटे क्वार्टेट ऐकायचे तर जेरुसलेम क्वार्टेटचे पहिला, चौथा आणि नववा, आणि हागेन क्वार्टेटचे चौथा, अकरावा आणि चौदावा नक्की शोधा. एडर आणि रुबियो क्वार्टेटचे स्वस्त संच वाईट नाहीत, पण स्ट्रीमिंगच्या काळात त्यांची शिफारस करायला मला खास कारण उरलेलं नाही.

स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर दोन गोष्टी आधी तपासा. आठवा, नववा, अकरावा आणि पंधरावा यांचे भाग न थांबता एकातून दुसऱ्यात जातात. ॲपमध्ये दोन ट्रॅकच्या मध्ये खंड न पडू देण्याची सोय असते ती चालू करा, नाहीतर धरून ठेवलेला स्वर मध्येच तुटतो. आणि आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोय बंद करा. तेराव्याचा तो शेवटचा बी फ्लॅट आणि पंधराव्यातल्या किंकाळ्या हळू आणि मोठ्या आवाजातल्या अंतरावरच उभ्या आहेत. हे संगीत लोकलमध्ये इअरफोनवर ऐकू नका. पंधराव्याचा पहिला भाग तिथे ऐकूच येणार नाही.

क्रम म्हणाल तर एक ते पंधरा असा सरळ जाऊ नका. आठव्यावरून आधी सातव्याकडे या. पहिली पत्नी नीनाच्या स्मृतीला लिहिलेला हा क्वार्टेट तेरा मिनिटांच्या आत संपतो. मग तिसरा, मग चौथा. चौथा 1949 चा, पण त्याच्या शेवटच्या भागातल्या ज्यू धुनी त्या दिवसांत जाहीरपणे वाजवणं धोक्याचं होतं, म्हणून स्टालिन गेल्यावर 1953 मध्येच तो लोकांसमोर आला. हे तिन्ही दुबिन्स्कीच्या बोरोदिनकडून. नंतर दहावा आणि बारावा, त्यानंतर तेरावा, आणि पंधरावा सगळ्यांत शेवटी, फिट्झविल्यमचा, रात्री, घरातले पंखे बंद करून.